रात्री संपलेला भडंगाचा पुडा सकाळीच फुटलेला असतो

वजन कमी करायचं ठरवलेल्या माणसाचा दिवस आपल्या सांगलीत साधारण असा जातो. पहाटे उठून आमराईत चकरा, घरी येऊन लिंबू-मधाचं गरम पाणी, नाष्ट्याला फाटा, ऑफिसात दोन कप बिनसाखरेचा चहा, दुपारी काकडी-टोमॅटो आणि वाटीभर वरण, चार वाजता कुणी वडापाव मागवले तर "मला नको, डाएट चालूय" असं जरा कॉलर ताठ करून सांगायचं, आणि मग साडेसातला घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच भडंगाचा पुडा फोडायचा. आधी एक मूठ. मग वाटीत घेऊ म्हणतो. मग वाटी कशाला, पुडाच घेऊन बसतो. त्यावर शेंगदाण्याचा लाडू, कालची उरलेली चपाती चहात बुडवून, मुलांच्या बिस्किटांचा पुडा, फ्रीजमधला बॉक्स उघडून दोन पेढे, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत पोट दुखेपर्यंत खाऊन झालेलं असतं, तरी सगळ्यांबरोबर जेवायला पण बसायचं कारण नाही बसलं तर विचारतील. आणि झोपताना ठरवायचं, उद्यापासून एकदम कडक, उद्या फक्त ज्यूस.

सगळी गोम त्या "उद्यापासून कडक"मध्ये आहे. डाएट करणाऱ्यांना अशी खा-खा का सुटते, हे मनाच्या कमजोरीनं होतं का (नाही होत), आणि वजन पण उतरवायचंय आणि हे पण थांबवायचंय तर आधी कशाला हात घालायचा, एवढंच इथं सांगते. मी डॉक्टर नाही, वाचून आणि आसपासच्या लोकांशी बोलून जे कळलं ते सोपं करून सांगतेय, त्यामुळे गोळ्या-औषधांचा निर्णय यावरून कुणी घेऊ नका.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. जास्त खाणं वेगळं आणि बिंज वेगळं. नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेलात आणि बासुंदी जरा जास्तच झाली, लग्नात पाहुण्यांनी आग्रह करून जिलेब्या वाढल्या, शेतात हुरडा पार्टीला गेलात आणि किती खाल्लं त्याचा हिशोब राहिला नाही, याला कुणी बिंज म्हणत नाही. तिथं तुम्ही चार लोकांत बसून, गप्पा मारत, चवीनं खाता, पोट जड झालं की ओवा चावता आणि विषय संपतो. बिंजमध्ये ताबा सुटतो. हात थांबत नाही, चव पण नीट कळत नाही, आत कुणीतरी बस म्हणून सांगत असतं आणि तोंड चालूच असतं.

डॉक्टर लोक काय बघतात तर, थोड्या वेळात म्हणजे साधारण दोन तासांच्या आत, एरवी कुणी तेवढ्या वेळात खाईल त्यापेक्षा बरंच जास्त खाल्लं का, आणि खाताना थांबताच येत नव्हतं असं वाटलं का. त्याच्या जोडीला नेहमीपेक्षा भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाज वाटते म्हणून एकटं खाणं, आणि नंतर स्वतःचीच किळस येणं किंवा अपराधी वाटणं, या पाचातल्या निदान तीन गोष्टी पाहिजेत. हे आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने चालू असेल आणि त्याचा माणसाला त्रास होत असेल तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. अल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५९ मध्येच याचं वर्णन लिहून ठेवलं होतं, पण अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या पुस्तकात याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती २०१३ मध्ये. म्हणजे मधली पन्नासेक वर्षं हा नुसता हावरटपणाच समजला जात होता म्हणा ना. आपल्याकडे अजून तसाच समजतात.

आता तुमचं या मापात बसत नसेल, महिन्यातून एखाद-दोनदाच होत असेल, तरी पुढचं सगळं तुम्हाला लागू आहेच, कारण कारणं बरीचशी तीच असतात. आणि हे फक्त बायकांचं असतं, किंवा फक्त जाड लोकांचं असतं, असं काही नाही. बारीक माणसांना होतं, जिममध्ये जाणाऱ्या पोरांना तर चांगलंच होतं, फक्त ते त्याला "चीट डे" म्हणतात.

मग हे होतं कशानं?

सांगलीकराला एक गोष्ट वेगळी समजवायला नको. आयर्विन पुलाखाली पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की आपली धावपळ सुरू होते, पण तो पाऊस पुलावर पडलेला नसतो, तो दोन दिवस आधी वर कोयनेकडं पडलेला असतो. बिंजचं तसंच आहे. आपण रात्री साडेसातच्या त्या अर्ध्या तासाला धरून बसतो, तेव्हा ताबा ठेवायला पाहिजे होता, पुडा घरात आणायलाच नको होता, वगैरे, आणि सकाळी सातपासून वर काय काय साठत आलं तिकडं बघतच नाही.

याचा सगळ्यात जबरदस्त पुरावा ऐंशी वर्षं जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लोक उपाशी मरत होते, त्यांना परत खायला कसं घालायचं हे समजून घ्यायला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञानं १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. लढायला नकार दिलेले ३६ तरुण स्वतःहून त्यात आले, सगळे धडधाकट, मनानं पण एकदम ठणठणीत बघून निवडलेले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १,५७० कॅलरी, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं. वजन जवळपास पाव हिश्शानं उतरलं, ते होणारच होतं. पण डोक्यात काय झालं बघा, ही पोरं दिवसभर खाण्याशिवाय दुसरं बोलेनात, ज्यांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नाही ते रेसिपीची पुस्तकं जमवून वाचायला लागले, ताटं चाटायला लागले, एकेक जेवण तास-दोन तास पुरवायला लागले, चिडचिडे झाले, उदास झाले, काहींनी लपूनछपून बाहेर जाऊन खाल्लं आणि नंतर रडले. आणि जेव्हा परत पोटभर खायला मिळालं तेव्हा काही जण पोट टम्म भरलं तरी थांबत नव्हते, हजारो कॅलरी खाऊन पण भूक आहे म्हणत होते, आणि हे आठवडे न् महिने चाललं.

आता तुमच्या व्हॉट्सअपवर फिरणारा डाएट चार्ट काढून बघा, बहुतेक १,२०० कॅलरीचा असेल. मान्य आहे की ते उंचेपुरे तरुण पुरुष होते आणि चालत पण भरपूर होते, त्यामुळे आकडा जशाच्या तसा आपल्याला लावता येत नाही, घरात बसून काम करणाऱ्या पाच फुटाच्या बाईची गरज मुळातच कमी असते. पण दिशा तीच आहे. निवडून घेतलेल्या दणकट पोरांची उपाशी ठेवल्यावर ही गत झाली, तर दिवसभर ऑफिस, पोरांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी करून रात्री भडंग खाणाऱ्या बाईचा "विलपॉवर कमी आहे" असं म्हणणं मला तरी पटत नाही.

आत शरीरात काय चालतं तेही थोडक्यात बघू. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं (हे १९९४ मध्ये सापडलं), ते मेंदूला सांगतं की साठा भरपूर आहे, निवांत राहा. जठरातून घ्रेलिन निघतं (हे १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलं), ते सांगतं की खायला बघा आता. तुम्ही झपाट्यानं वजन उतरवलं की लेप्टिन पडतं, घ्रेलिन चढतं, म्हणजे भूक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. शरीराला काय माहिती तुम्ही पुतणीच्या लग्नासाठी बारीक होताय, त्याला वाटतं दुष्काळ पडला. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात दिसलं की वजन उतरवून एक वर्ष झालं तरी ही हार्मोन्स पूर्ववत झाली नव्हती, भूक वाढलेलीच होती. यात झोप कमी पडली की आणखी भर, रात्रपाळी करणारे आणि लहान बाळाच्या आया यांना हे सांगायला नको.

पण नुसतं शरीरावर ढकलून भागत नाही, अर्धा खेळ डोक्यातल्या नियमांचा आहे. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही लोकांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव बघायच्या निमित्तानं समोर आईस्क्रीम ठेवलं. जे एरवी डाएट करत नव्हते त्यांनी मिल्कशेकनंतर आईस्क्रीम कमी खाल्लं, साहजिक आहे, पोट भरलं होतं. जे डाएटवर होते त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आईस्क्रीम उलट जास्त खाल्लं. का? तर नियम मोडला होता. आता मोडलाच आहे तर मोडलाच, आजचा दिवस गेला, उद्यापासून बघू. ओळखीचं वाटतंय ना? हा विचार एका पेढ्यापासून सुरू होतो आणि पुडक्यावर जाऊन थांबतो. एक पेढा खाऊन वजनाला काही होत नाही, "एक पेढा खाल्ला म्हणजे सगळं संपलं" यानं होतं. नियम जितका कडक, तितका तो मोडायला सोपा. "साखर पूर्ण बंद" हा नियम एका चहात मोडतो.

आणि आपल्याकडं यात उपास येतात. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण काय उगीच पडली नाही, आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवायच माहीत होतं. गणपतीचं गाव आपलं, संकष्टीला गणपती मंदिरात रांग लागलेली असते, दिवसभर काही नाही नाहीतर साबुदाणा खिचडी, आणि चंद्रोदय बघायला गच्चीत फेऱ्या, मग नऊ-साडेनऊला एकदम ताटभर. ज्याला खा-खा सुटायचा त्रास नाही त्यानं खुशाल करावा, श्रद्धेचा विषय आहे आणि महिन्यातून एकदाच आहे. पण ज्याला त्रास आहे त्यानं डाएटवर डाएट म्हणून संकष्टी, दोन एकादशा, मंगळवार आणि शिवाय श्रावणी सोमवार असं लावून घेऊ नये. घरातली जुनी माणसंच सांगतात की आजारी माणसाला उपास माफ असतो. तेच वापरा की.

त्याचबरोबर तो दीक्षित की दिवेकर वाद (डॉ. दीक्षित दोनदाच जेवा म्हणतात, ऋजुता दिवेकर थोडं थोडं वरचेवर खा म्हणतात), जो मराठी घरात राजकारणापेक्षा जास्त रंगतो. त्यात मी पडत नाही. दिवसातून दोनदाच जेवायचं अनेकांना मानवतं, वजनही उतरतं, सोळा तास उपाशी राहायची पद्धत पण काहींना जमते. फक्त आठवड्याला बिंज होणाऱ्या माणसासाठी मोठाले गॅप धोक्याचे असतात, कारण त्याचं बिंज त्या गॅपमध्येच तयार होतं. मैत्रिणीचं दहा किलो उतरलं म्हणून तुम्हाला तेच चालेल असं नाही.

आता करायचं काय. इथं बहुतेक लोकांना न आवडणारी गोष्ट सांगावी लागते, ती म्हणजे आधी बिंज थांबवायचं आणि वजनाचं नंतर बघायचं. दोन्ही एकदम जोरात करायला गेलं की दोन्ही जमत नाही. वजन कमी करायचं सोडून द्या असं मी म्हणत नाहीये, काही आठवडे त्याला दुसऱ्या नंबरवर ठेवा म्हणतेय, आणि तसंही आठवड्यातून तीन रात्री बिंज होत असेल तर कडक डाएटनं काय मोठं वजन उतरतंय?

यातला सगळ्यात पहिला आणि सगळ्यात कंटाळवाणा उपाय म्हणजे वेळेवर खाणं. बिंजवर जी बोलण्याची उपचारपद्धत सगळ्यात जास्त तपासली गेली आहे, कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी, सीबीटी म्हणतात तिला, ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ती खाण्याच्या आजारांसाठी बसवली, तिच्यात सुद्धा सुरुवात इथूनच होते. तीन जेवणं, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, आणि दोन खाण्यांमध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त गॅप नाही. भूक लागली तरी आणि नाही लागली तरी. कॅलरी मोजायच्या नाहीत, घड्याळ बघायचं.

त्यासाठी ओट्स आणि किनोआ आणायची काही गरज नाही. सकाळी आठ-साडेआठला पोहे, उप्पीट, थालीपीठ, अंड्याची पोळी, काहीही, पण बसून. अकराला एखादं फळ नाहीतर मूठभर शेंगा. दुपारी शाळूची भाकरी, एखादी उसळ किंवा आमटी, भाजी, ताक, म्हणजे भाकरी पण खायची, भाकरी काढून टाकली की संध्याकाळी तीच व्याजासकट वसूल होते. आणि मग संध्याकाळचं पाचचं खाणं, माझ्या मते अख्ख्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच सगळे डाएटवाले टाळतात. दुपारी एकला जेवलेला माणूस साडेसातला घरी येतो, मध्ये साडेसहा तास नुसता चहा. मग काय होणार? पाचला फुटाणे, उकडलेलं अंडं, मोड आलेली मटकी, दही, घरचा एखादा लाडू, काहीतरी डब्यात नेऊन खाल्लं पाहिजे. डाळी, उसळी, अंडी, दूध-दही यातलं काही ना काही प्रत्येक खाण्यात असलं की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, तेवढं प्रोटीनचं भान पुरे.

सुरुवातीला भीती वाटते की एवढं खाल्लं तर वजन वाढेल. दिवसभर नीट खाल्लेलं आणि रात्री न झालेलं बिंज यांची बेरीज-वजाबाकी केली तर बहुतेकांची एकूण बाजू खालीच जाते किंवा जिथल्या तिथं राहते. पण दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो, त्यात बिंज लगेच शून्यावर येत नाही.

दुसरं म्हणजे वही. ॲप नको, निदान आत्ता नको, कारण ते लाल अक्षरात "तुम्ही ओलांडलं" दाखवतं आणि मग मिल्कशेकवाला प्रकार होतो. साधी वही घ्या, काय खाल्लं, किती वाजता, आणि त्याआधी काय झालं होतं एवढं लिहा. बिंज झालं असेल तर ते पण लिहा, लपवू नका, वही काय कुणाला दाखवायची नाहीये. चार-पाच नोंदी झाल्या की आपोआप दिसायला लागतं, एखादीचं नेहमी दुपारचं जेवण हुकलेल्या दिवशी होतं, एखाद्याचं साहेबांनी झापलेल्या दिवशी, एखादीचं माहेरून फोन आल्यावर, कुणाचं पाळीच्या आधीच्या आठवड्यात, कुणाचं दोन पेग झाल्यावर. दारूनं ताबा सुटतो आणि वर चखणा समोरच असतो, त्यामुळे त्या दिवशीचा हिशोब वेगळाच धरा. कारण सापडल्यावर उपाय पण वेगवेगळे निघतात. गॅपमुळे होतंय त्याला डबा पाहिजे, राग गिळल्यामुळे होतंय त्याला डबा देऊन काय उपयोग, त्याला बोलायला माणूस पाहिजे.

तिसरं, ती ओढ येते तेव्हाचं. ओढ चढते, टोकाला जाते आणि उतरते, बऱ्याचदा वीस-पंचवीस मिनिटांत, आपण तिथवर थांबत नाही म्हणून आपल्याला वाटतं ती खाल्ल्याशिवाय जाणारच नाही. तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं. अंघोळ करा, खाली कट्ट्यावर जाऊन बसा, कुणाला तरी फोन लावा, बोलायला माणूस असेल तर बरं कारण बिंज एकटेपणातच जमतं. पण एक अट, तुम्ही खरंच उपाशी असाल तर हे काही चालणार नाही, भुकेला फोन लावून भागत नाही. लोक सांगतात ना की "भाकरी-पालेभाजी खावीशी वाटली तर खरी भूक, नाहीतर नुसतं मन", हे मला अर्धंच पटतं, कारण दिवसभर कमी खाल्लेल्या शरीराला गोड आणि तेलकटच पाहिजे असतं आणि ती भूक पण खरीच असते. शंका असेल तर सरळ ताट वाढून घ्या, बसा आणि जेवा. ताटात वाढलेलं जेवण क्वचितच बिंज होतं, उभ्यानं पुड्यातून खाल्लेलं लगेच होतं.

आणि भडंगाचं काय करायचं? सांगलीत राहून भडंग बंद म्हणजे जरा अतीच आहे. सुरुवातीचे काही आठवडे ज्या दोन-तीन गोष्टींवर ताबा सुटतो त्या घरात मोठ्या पुड्यात ठेवू नका, छोटा पुडा आणा, हे ठीक आहे. पण कायमची बंदी घातली की ती गोष्ट डोक्यात घर करते. जरा स्थिर झालात की तेच भडंग मुद्दाम परत आणायचं, संध्याकाळी पाचला, नीट जेवण झालेल्या दिवशी, वाटीत घेऊन, कांदा-कोथिंबीर-लिंबू घालून, घरच्यांबरोबर बसून खायचं. एकदा खाऊन काही आभाळ कोसळलं नाही हे मेंदूला दिसलं पाहिजे, दोन-चारदा दिसलं पाहिजे. असंच पेढ्यांचं, असंच फरसाणचं, एकेक करून. यात घाई नको.

बिंज झालंच तर दुसऱ्या दिवशी काय, हा खरा परीक्षेचा पेपर आहे. सकाळी उठल्यावर काट्यावर उभं राहू नका. राहिलातच तर दीड-दोन किलो जास्त दिसतील आणि तुमचा धीर सुटेल, पण ती चरबी नसते. एक किलो चरबी साठायला ढोबळमानानं ७,७०० जादा कॅलरी लागतात, एका रात्रीत एवढं खाणं फार अवघड आहे. ते वाढलेलं असतं पाणी, कारण पिठूळ-गोड खाल्लेलं शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं, वर खारटाचं मीठ पाणी धरून ठेवतं, आणि पोटातलं न पचलेलं अन्न तर आहेच. नेहमीसारखं खाल्लं की तीन-चार दिवसांत ते जातं. म्हणून दुसऱ्या दिवशीचा नाष्टा चुकवायचा नाही. ज्यूस नाही, उपास नाही, "काल खाल्लं ना, मग आता हरिपूरपर्यंत चालत जाऊन ये" ही शिक्षा पण नाही. चालणं चांगलंच आहे, कृष्णेच्या काठानं जरूर चाला, पण फेडायला म्हणून नको, फेडायला गेलं की व्यायामाचाच राग यायला लागतो. नाष्टा केला की साखळी तुटते, टाळला की त्याच रात्री परत तेच.

घरच्यांसाठी पण थोडं. आपल्याकडं एकाच तोंडानं "खा की गं, एवढ्यानं काय होतंय" आणि "किती सुटलीस बघ" दोन्ही म्हणतात, कधी कधी एकाच जेवणात. दोन्ही बंद करा. डब्यांना कुलूप लावू नका, चपात्या मोजू नका, पाहुण्यांसमोर वजनाचा विषय काढू नका, कारण लाजेनं बिंज कमी होत नाही, ते फक्त जास्त लपून होतं. मदत करायची असेल तर संध्याकाळी पाच ते आठ या वेळात त्या माणसाच्या डोक्यावरचं एखादं काम उचला आणि रात्री जेवायला सोबत बसा.

मग वजन कधी? बिंज बऱ्यापैकी आटोक्यात आलं, काही आठवडे नीट गेले, की हळूच सुरू करा, आणि कमी करायचं ते जेवणाच्या वेळा तशाच ठेवून, ताटातल्या मापातून. भाताचा एक डाव कमी, तेल कमी, चहातली साखर अर्धी, असं. महिन्याला दोन किलो उतरलं तरी भरपूर झालं. खरं सांगायचं तर सीबीटीनं बिंज चांगलं कमी होतं पण वजन आपोआप फारसं उतरत नाही, हे अभ्यासांत परत परत दिसलंय, त्यामुळे "बिंज थांबलं की बारीक होशील" असं कुणी सांगत असेल तर ते पूर्ण खरं नाही. वजन चढायचं थांबतं, हे मात्र बऱ्याच जणांचं होतं, आणि दर वर्षी चार किलो चढणाऱ्या माणसासाठी ते काही थोडं नाही.

हल्ली इंजेक्शनांबद्दल सगळे विचारतात, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड, वजनासाठीची ही औषधं २०२५ मध्ये आपल्याकडं बाजारात आली. त्यानं भूक कमी होते हे खरंय, पण बिंज ईटिंगवरचं औषध म्हणून त्यांना मान्यता नाही. घ्यायचीच असतील तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना बिंजबद्दल आधी सांगा, नुसतं वजन सांगून घेऊ नका.

काही लोकांनी मात्र घरगुती उपायांवर थांबूच नये. खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढत असाल, जुलाबाच्या गोळ्या घेत असाल, तर तो वेगळा आणि जास्त धोक्याचा आजार असू शकतो, उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम पडतं आणि त्याचा थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. शुगरवाल्यांचं पण वेगळं आहे, इन्सुलिन किंवा शुगर पाडणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण टाळलं तर शुगर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात आणि समोर दिसेल ते खाल्लं जातं, तो जीव वाचवायचा झटका असतो, त्याला बिंज समजून स्वतःला शिव्या घालू नका, औषधाचा डोस आणि जेवणाच्या वेळा डॉक्टरांकडून नीट बसवून घ्या. स्टिरॉइड्स आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्यांनी भूक वाढते, त्या पण स्वतःहून बंद करायच्या नाहीत, सांगायचं आणि बदलून मागायचं. गरोदर असाल तर तर अजिबातच स्वतःच्या मनानं काही नको. आणि जगायचाच कंटाळा आलाय, काही करून घ्यावंसं वाटतंय असे विचार येत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मदत घ्या. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं.

कुणाकडं जायचं म्हणाल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा खाण्याच्या आजारांवर सीबीटी करणारा सायकॉलॉजिस्ट, आणि जोडीला आहारतज्ज्ञ. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, तिथं खासगीपेक्षा खर्च खूपच कमी येतो. "वेडे आहोत का आपण तिकडं जायला" हा विचार येईल, येऊ दे, येत असतो, तरी जा. आत गेल्यावर "वजन कमी होत नाही" एवढंच सांगितलंत तर हातात आणखी एक डाएट चार्ट येईल, म्हणून पहिलं वाक्य ठरवूनच जा, "आठवड्यातून इतक्यांदा माझा खाण्यावरचा ताबा सुटतो, नंतर फार वाईट वाटतं, आणि हे इतक्या महिन्यांपासून चालू आहे", आणि ती वही सोबत न्या. त्यावर समोरच्यानं नुसतंच "तोंडावर ताबा ठेवा" म्हणून हसण्यावारी नेलं तर दुसऱ्या डॉक्टरकडं जा, सांगली-मिरजेत डॉक्टरांची काही कमी नाही.